जुन्या वास्तूत ताट मांडताना

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर एक दगडी बंधारा आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात बसायला खोली आहे. अरुंद जिना उतरून तिथे जावं लागतं. एका अंगाला जाडजूड भिंत आणि तिच्यापलीकडे अडवलेलं पाणी, दुसऱ्या अंगाला कमानींच्या खिडक्या. वरच्या बाजूचं बोरी धरण भरून वाहू लागलं की या बंधाऱ्याच्या माथ्यावरच्या दोन सांडव्यांतून, म्हणजे सगळ्या मराठवाड्याला माहीत असलेल्या ‘नर’ आणि ‘मादी’ धबधब्यांतून, पाणी खाली झेपावतं. आतला माणूस कोरडा राहून हे कोसळणं अगदी जवळून बघतो. हाच पाणी महाल. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली तो बांधला गेला. बंधाऱ्यावरच्या फारसी शिलालेखाचा आशय असा की, ही वास्तू पाहून मित्रांची दृष्टी उजळावी आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढे अंधारी यावी.

धाराशिव जिल्ह्यात ‘ऐतिहासिक वास्तूत बसून जेवण्याची सोय’ हा विषय निघाला, तर सुरुवात इथूनच करावी लागते, कारण ही खोली मुळात रंजनासाठीच बांधलेली आहे. मुंबईत किंवा पुण्यात जुन्या इमारतीत जे देखणे बार आणि रेस्टॉरंट चालतात, त्यांतल्या बहुतेक इमारती दुसऱ्याच कामासाठी उभ्या राहिल्या होत्या, कुठे गोदाम, कुठे कचेरी, कुठे घर. खाणं-पिणं तिथे मागाहून आलं. पाणी महालाचं उलट आहे. बंधाऱ्याचं काम पाणी अडवण्याचं आणि किल्ल्याच्या रक्षणाचं, नळदुर्ग आणि रणमंडळ या दोन भागांना जोडण्याचं. एवढं केल्यावर बांधणाऱ्याने त्याच दगडांत सुलतानाच्या निवांत बैठकीची जागाही बसवली. खोली थंड कशी राहते, तेही समजून घेण्यासारखं आहे. जाड दगडी बांधकाम तापायला फार वेळ घेतं, त्यामुळे दुपारचा उकाडा आतपर्यंत पोहोचता पोहोचता संध्याकाळ होते. पाठीशी पाण्याचा साठा असतो, तो भिंतीतली उष्णता ओढून घेतो. समोर कोसळणाऱ्या पाण्याचे तुषार हवेत उडून वाफ होताना आणखी उष्णता शोषतात आणि खिडकीतून गार झुळूक येते. यात एकही यंत्र नाही.

ज्या राज्यात अशी जागा सुचली, त्या राज्याला मेजवानीची चांगलीच जाण होती. अकबराचा दूत असद बेग १६०३-०४ च्या सुमारास विजापूरला आला होता. शाहजादा दानियालशी ठरलेल्या लग्नासाठी इब्राहिम आदिलशहाच्या मुलीला घेऊन जाणं, हे त्याचं काम. त्याने विजापूरच्या बाजाराचं जे वर्णन लिहून ठेवलं, त्यात जवाहिऱ्यांच्या आणि शस्त्रांच्या दुकानांच्या जोडीने मद्य विकणाऱ्यांची, रोटी भाजणाऱ्यांची, मासे विकणाऱ्यांची आणि शिजवलेलं अन्न विकणाऱ्यांची दुकानं येतात. प्रत्येक दुकानासमोर हिरवं झाड होतं असंही तो सांगतो. नर्तक, अत्तरं, नाना तऱ्हेची पेयं यांनी भरलेला तो रस्ता दिल्ली-आग्र्याचं वैभव पाहिलेल्या माणसालाही भुलवून गेला. परतताना त्याने अकबरासाठी विजापूरहून तंबाखू आणि रत्नजडित चिलीम नेली; मोगल दरबारात तंबाखू पोहोचली ती अशी. स्वतः इब्राहिम संगीताचा वेडा होता. त्याने ‘किताब-ए-नौरस’ हा गीतांचा ग्रंथ रचला आणि नौरसपूर नावाचं शहरच वसवायला घेतलं. विजापूरपासून जवळच कुमटगीला तलावाकाठी आदिलशाहीतले मंडप आहेत, तिथे पाणी खेळवण्याची व्यवस्था आहे आणि भिंतींवर पोलो, कुस्ती अशी चित्रं आहेत. नळदुर्गचा पाणी महाल याच हौसेतून आला. त्यात काय शिजत होतं, काय प्यायलं जात होतं, याचा तपशील शोधायला गेलं तर तर्काच्या मागे धावावं लागेल. त्यापेक्षा बैठक कशी मांडली होती ते पाहावं, ती आजही दगडात दिसते.

तसं पाहिलं तर या जिल्ह्याचं दूरदेशीच्या पेयांशी असलेलं नातं आदिलशाहीहून खूप जुनं आहे. आजचं तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या वहीत तगरचं नाव येतं. तिथलं साधं सुती कापड, मलमल असा माल गाड्यांत घालून भडोचच्या बंदराला जाई. त्याच बंदरात पश्चिमेकडून येणाऱ्या मालाच्या यादीत पहिल्या काही वस्तूंतच मद्य आहे, आणि त्यातही इटलीचं मद्य पसंतीचं, असं तो लेखक नोंदवतो. तेरचं विटांचं त्रिविक्रम मंदिर आणखी एक गोष्ट सांगतं. मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोलाकार असलेली ही वास्तू मुळात बौद्ध चैत्य होती, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे, काहींना ते मान्य नाही. मत कोणतंही धरलं तरी इतक्या जुन्या विटा आज उभ्या आहेत, कारण तिथे शतकानुशतकं रोज दिवा लागत आला, कुणीतरी झाडलोट करत आलं, गळती दिसली की कुणीतरी वर चढत आलं.

वास्तू वापरात असली की टिकते, हा अनुभव जगभरचा आहे. १९६४ साली व्हेनिसला जमलेल्या वास्तुसंवर्धकांनी जी सनद तयार केली, तिच्या पाचव्या कलमात हेच म्हटलं आहे. स्मारकाचा समाजाला उपयोगी असा वापर झाला तर त्याचं जतन सोपं होतं, म्हणून असा वापर हवा. मात्र त्यापायी वास्तूची मांडणी आणि सजावट बदलता कामा नये. वापराची मोकळीक आणि तिची मर्यादा एकाच कलमात आहेत. अडचण अशी की हॉटेलवाले त्यातलं पहिलं वाक्य वाचतात आणि संस्कृतिरक्षक दुसरं.

महाराष्ट्रात हा वाद २०१९ च्या सप्टेंबरमध्ये उघड झाला. राज्यातले सुमारे २५ किल्ले हॉटेल आणि समारंभांसाठी भाड्याने देण्याचा बेत असल्याची बातमी आली आणि राज्यभर संताप उसळला. छत्रपती शिवाजी महाराजांशी संबंधित किल्ल्यांना हात लावणार नाही, विचार फक्त असंरक्षित, दुसऱ्या वर्गातल्या किल्ल्यांचा आहे, असं सरकारला सांगावं लागलं. गडावर दारू पिणाऱ्यांवर दारूबंदी कायद्याखाली कारवाई करण्याचे आदेशही निघाले. मला हा संताप खरा वाटतो आणि रास्तही. गड ही इथल्या माणसाच्या मनातली रणभूमी आहे, तिथे ग्लास किणकिणलेले त्याला सहन होत नाहीत. पण त्या गदारोळात दुसरा प्रश्न बुडाला. ज्या शेकडो वास्तू ना गड आहेत, ना तीर्थ, ना सरकारी यादीत, त्यांचं करायचं काय? गावोगावच्या गढ्या, वाडे, निजामकाळातल्या दगडी कचेऱ्या, बंद पडलेले डाकबंगले. त्यांच्यासाठी ना कुणी मोर्चा काढतं, ना निविदा.

नळदुर्ग स्वतः राज्य संरक्षित स्मारक आहे. ‘महाराष्ट्र वैभव’ या संगोपन योजनेत सोलापूरच्या युनिटी मल्टिकॉन्स कंपनीने २०१४ साली हा किल्ला दत्तक घेतला. साफसफाई, बागा, दिवे, पाण्यात नौकाविहार अशा सोयी तिथे झाल्या आणि आधी काटेरी झुडपांतून वाट काढावी लागे तिथे मुलाबाळांसह कुटुंबं येऊ लागली. किल्ल्याच्या नशिबी याआधीही बरीच स्थित्यंतरं आली होती. १८५३ मध्ये निजामाने हा मुलूख इंग्रजांना तोडून दिला, तेव्हा ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीचा लेखक मेडोज टेलर इथे अधिकारी म्हणून आला आणि इथेच राहिला. १८६० मध्ये मुलूख निजामाकडे परत गेला. जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गहून धाराशिवला हललं ते १९०४ मध्ये. आणि १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूने हैदराबाद संस्थानात शिरल्या, तेव्हाच्या पहिल्या चकमकींपैकी एक याच किल्ल्यापाशी आणि बोरीच्या पुलापाशी झडली. इतकं पाहिलेल्या दगडांत बार नको, हे माझं स्पष्ट मत आहे. पाणी महालात ताट मांडू नये, पाण्याचा तांब्याही बाहेरच ठेवावा. त्या खोलीत बसून पाणी बघणं, हीच तिथली मेजवानी आहे.

मग जेवणाची चांगली जागा कुठे असावी? पर्यटक आज जातो तो सोलापूर-हैदराबाद महामार्गावर. तिथे ढाबे आहेत, परमिट रूम आहेत, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि रंगीत ट्यूबलाइट आहेत. महामार्गाचा हा धंदा किती डळमळीत आहे, ते १ एप्रिल २०१७ ला दिसलं. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, वीस हजारांहून कमी वस्तीच्या ठिकाणी २२० मीटर, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागू झाला आणि रस्त्याकडेचे बार एका रात्रीत बंद पडले. पुढे नगरपालिकांच्या हद्दीतल्यांना मोकळीक मिळाली. पण पत्र्याच्या शेडला स्वतःचं असं काही नसतं. रस्त्यावरची वर्दळ हीच तिची पुंजी असते, ती वळली की शेड ओस पडते. जुन्या वाड्याचं तसं नाही. तो ज्या गल्लीत आहे त्या गल्लीत लोक वाट वाकडी करून येतात, हे मुंबईने दाखवून दिलं आहे.

मुंबईची उदाहरणं थोडी नीट बघू. कुलाब्याचं लिओपोल्ड १८७१ पासून आहे. सुरुवात खाद्यतेलाच्या घाऊक दुकानाची, चालवणारे इराणी. तेलाचं दुकान ते स्टोअर, स्टोअर ते रेस्टॉरंट आणि बार असा त्याचा प्रवास झाला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातल्या गोळ्यांच्या खुणा त्यांनी भिंतीवर बुजवल्या नाहीत. बॅलार्ड इस्टेटमध्ये ब्रिटानिया अँड कंपनी १९२३ पासून चालते. उंच छत, लाकडी खुर्च्या, पोपडे धरलेल्या भिंती, आणि त्यात इराणी बेरी घातलेला पुलाव. ताजमहाल हॉटेल १९०३ मध्ये उघडलं आणि त्याच्या हार्बर बारची सुरुवात १९३३ ची. शहरातला पहिला परवानाधारक बार अशी त्याची ख्याती आहे.

यांच्या जोडीला एक पडझडीची गोष्टही ठेवली पाहिजे, ती वॉटसन हॉटेलची. काळा घोड्याजवळची ही इमारत म्हणजे बिडाचा सांगाडा, भाग विलायतेत ओतून जहाजाने आणून इथे जोडलेले. १८७० च्या आसपास हे मुंबईतलं सर्वांत झगमगीत हॉटेल होतं. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचे चित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवले गेले ते याच हॉटेलात. नंतर हॉटेल बंद पडलं, दालनांचे गाळे झाले, वकिलांच्या कचेऱ्या आणि दुकानं आली, नाव ‘एस्प्लनेड मॅन्शन’ झालं. २००५ मध्ये तिचा एक भाग कोसळला. इमारत तेव्हाही वापरात होती, भरगच्च वापरात होती. म्हणजे ‘वापरा म्हणजे टिकेल’ एवढं पुरेसं नाही. यामागचं कारण भाड्यात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यामुळे इराण्यांची हॉटेलं मोक्याच्या जागी स्वस्तात तगली आणि चहा-मस्का आपल्याला परवडला. पण त्याच भाड्यातून मालकाला गच्चीची गळती बुजवणंही जमेना. हॉटेल जगलं आणि इमारत खंगली, असं एकाच छताखाली घडलं. १९९५ मध्ये मुंबईत वारसा इमारतींची श्रेणीवार यादी आणि नियम लागू झाले. देशात असं करणारं ते पहिलं शहर. पाडायला मनाई झाली, पण दुरुस्तीचा पैसा नियमांतून उगवत नाही.

बारच्या इतिहासात दारूबंदीही येते. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आणि १९५० पासूनची संपूर्ण बंदी यांनी मुंबई राज्यातल्या देखण्या बारांचा श्वास कोंडला. १९६० च्या दशकात बंदी सैल झाली, पण पिणाऱ्याकडे परवाना हवा हे तत्त्व राहिलं आणि त्यातूनच ‘परमिट रूम’ आली. पडदे लावलेली, अंधारी, दाराशी जाड काच असलेली, कुटुंबापासून वेगळी केलेली खोली. कायदा आजही पिण्याच्या परवान्याची अट ठेवतो. बिअर-वाइनसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं वयाची अट आहे. शाळा आणि देवळांपासून अंतराची अट आहे, तुळजापूरसारख्या ठिकाणी ती पाळायलाच हवी. धाराशिव मात्र १९५६ पर्यंत मुंबई राज्यात नव्हतं. ते हैदराबाद राज्यात होतं आणि तिथे आबकारी हा सरकारचा मोठा महसूल होता. पण पडद्याआडची परमिट रूम नंतर इथेही तशीच आली. माझ्या मते जुन्या वास्तूला सर्वांत मारक गोष्ट हा अंधारच आहे. झरोका, चौक, खिडकी यांच्यासाठी ज्या वास्तूत जायचं तिच्याच खिडक्या काळ्या काचेने बंद केल्या जातात.

आता स्वयंपाकघराकडे येऊ, कारण जुन्या भिंतीला खरा त्रास तिथून होतो. गॅस जळला की फक्त उष्णता मिळत नाही, पाणीही तयार होतं. एक किलो एलपीजी जळून दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात हवेत जातं. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर संपला म्हणजे जवळपास ३० लिटर पाणी त्या खोलीत मिसळलं. भाताची, रश्शाची वाफ आणखी वेगळी. ही वाफ थंड भिंतीवर जमते, चुन्याच्या सांध्यांत मुरते आणि आतले क्षार विरघळवते. भिंत सुकताना ते क्षार पृष्ठभागाशी येऊन त्यांचे स्फटिक होतात आणि गिलावा आतून ढकलला जातो. आपण म्हणतो भिंतीला लोणा लागला. काळ्या बेसॉल्टला याने सहसा फार होत नाही, पण दोन दगडांमधला चुना भुसभुशीत होतो आणि विटा तर पुडीसारख्या गळतात. त्यावर फोडणीच्या तेलाचा थर बसला की भिंतीचा श्वासच बंद होतो. मग कंत्राटदार येतो आणि सिमेंटचा गिलावा मारून देतो. सिमेंट चुन्याहून कठीण आणि घट्ट असल्याने ओल बाहेर पडायला वाट मिळत नाही. ती आतल्या मऊ भागात शिरते आणि दोन पावसाळ्यांत सिमेंटचा पापुद्रा दगडाचा कपचा घेऊनच निखळतो.

आपल्या वाड्यांत सैपाकघर मागच्या अंगाला, परसाकडे असायचं. धुराडं, पाण्याची मोरी, सरपणाची जागा सगळं तिकडे. हा नियम आजच्या हॉटेललाही तंतोतंत लागू आहे. भट्ट्या, तंदूर, भांडी घासण्याची जागा आणि शौचालयं मागे नव्या, हलक्या, वेगळ्या बांधकामात काढावीत. जुन्या वास्तूत फक्त माणसं बसावीत, ताटं यावीत आणि जावीत. विजेच्या तारा भिंत खणून न घालता उघड्या नळीतून न्याव्यात. बारचा काउंटर भिंतीला न ठोकता जमिनीवर सुटा उभा करावा. हॉटेलं पाच-दहा वर्षांत बदलतात, मालक बदलतो, पाटी बदलते. दोनशे वर्षांच्या भिंतीला त्यांच्या प्रत्येक हौसेसाठी भोकं पडायला नकोत. जे घातलं ते उद्या काढता आलं पाहिजे आणि काढल्यावर खूण राहता कामा नये. मोठ्या स्पीकरचे खालच्या पट्टीतले हादरे सैल झालेल्या गिलाव्याला आणि वाळक्या लाकडी सांध्यांना लागतात. त्यामुळे आवाजाची मर्यादा शेजाऱ्यांइतकीच भिंतीसाठीही पाळावी.

धाराशिवमध्ये या सगळ्याआधी एक गोष्ट येते, ती भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, उमरगा-लोहाऱ्याच्या पट्ट्यात हजारो माणसं झोपेतच गाडली. मारलं ते घरांनी. इथलं पारंपरिक घर माळवदाचं. लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर आडवी लाकडं आणि फळ्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. हा थर उन्हात घर थंड ठेवतो, पावसाळ्याआधी त्यावर दरवर्षी नवी माती पडते, म्हणून तो वर्षागणिक जडही होत जातो. भिंती ओबडधोबड दगडांच्या आणि मातीत बांधलेल्या. बाहेरचा एक पदर, आतला एक पदर, मधे दगडगोट्यांची भर. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. जमीन हलली तसे पदर सुटे होऊन दोन्हीकडे ढासळले. नंतर पाहणी करणाऱ्यांना दिसलं की पुष्कळ ठिकाणी लाकडाचा सांगाडा उभाच होता, पडल्या त्या भिंती. पण जे वाचले त्यांच्या मनात दगडाचीच धास्ती बसली. पुनर्वसनातली गावं नवी बांधली गेली आणि जी जुनी घरं शाबूत होती तीही पुष्कळांनी भीतीने सोडली. या जिल्ह्यातले वाडे रिकामे पडण्यामागचं हे कारण बाहेरच्या वास्तुविशारदाला माहीत नसतं.

म्हणून इथे एखाद्या वाड्यात रेस्टॉरंट काढायचं तर सजावटीआधी भिंत बांधून घ्यावी. उपाय माहीत आहेत, भूकंपानंतर याच भागात ते करून पाहिलेले आहेत. भिंतीला ठरावीक अंतरावर भोक पाडून त्यात सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन पदरांना जोडणारा आरपार दगड तयार होतो. खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे तिरके टेकू द्यायचे. माळवदावरची वर्षानुवर्षं साठलेली जादा माती उतरवायची, वजन कमी करायचं आणि वरून पाण्याला वाट करून द्यायची. भिंतीच्या माथ्याजवळ चारी बाजूंनी एक सलग पट्टा बांधायचा. शंभर माणसं एका वेळी बसणार असतील, तर घराला पुरेल एवढी मजबुती तिथे पुरत नाही, आणि बाहेर पडायला किमान दोन वाटा हव्यात. कित्येक वाड्यांना दिंडी दरवाजा एकच असतो.

पैशाचं काय? राजस्थानात नीमराणासारख्या पडक्या किल्ल्याचं हॉटेल झालं ते १९९१ मध्ये, दिल्ली-जयपूर रस्त्यावरच्या पाहुण्यांच्या बळावर. स्पेनमध्ये १९२८ पासून सरकारच स्वतःची ‘पॅराडोर’ हॉटेलं चालवतं, त्यांतली कित्येक किल्ल्यांत आणि मठांत आहेत. धाराशिवकडे दिल्ली-जयपूर नाही, पण तुळजापूर आहे. भवानीच्या दर्शनाला वर्षभर माणसं येतात आणि त्यांतले बहुतेक त्याच दिवशी परत फिरतात. त्यांना पंचतारांकित खोली नको असते. स्वच्छ चौक, सावली, हात धुवायला नळ आणि या मातीतलं जेवण हवं असतं. बारला जागा असेल तर ती देवळाच्या गावात नाही, धाराशिव शहरात, उमरग्यात किंवा महामार्गालगतच्या एखाद्या जुन्या दगडी बंगल्यात, उघड्या खिडक्यांसह आणि घरच्या माणसांना शेजारी बसवता येईल अशी.

जेवणाची यादी बाहेरून आणायची गरज नाही. उस्मानाबादी शेळी ही देशातली नामांकित जात, बहुधा काळ्या रंगाची, कोरडवाहू मुलखात तग धरणारी आणि मांसासाठी नावाजलेली. तिच्या मटणाचा काळ्या मसाल्यातला रस्सा आणि दर्ग्याच्या कंदुरीला पंगतीत वाढतात तसं ताट, सोबत ज्वारीची पातळ भाकरी. मांस न खाणाऱ्यांना येसराची आमटी, हुलग्याचं माडगं, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. थंडीत परसात हुरड्याची आगटी. जेवणानंतर भूम-वाशीकडच्या भट्ट्यांवर आटवलेला खवा. कुंथलगिरीच्या खव्याला तर भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. त्याच खव्याचे गुलाबजाम धाराशिवमध्ये लोक मुद्दाम थांबून खातात. एवढं असताना जुन्या वाड्यात मंचुरियन आणि पनीर टिक्का वाढणारा मालक भिंतीचं भाडं भरतो आणि तिचा अर्थ बाहेर ठेवतो. ज्वारी पिकवणारा, शेळ्या राखणारा, खव्याची भट्टी लावणारा माणूस त्या वास्तूच्या हिशेबात आला, तर चुना कालवायला गवंडीही गावातलाच बोलावला जाईल. चुन्याची घाणी चालवणारे आणि दगड घडवणारे हात अजून थोडे शिल्लक आहेत, आणि त्यांना काम लागतं ते आत्ता.